नाताळ नॉर्वेतला आणि नाताळ मिनेसोटातला

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिसच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसाला ऑक्टोबर सरता सरता ऑफिसातलं कुणीतरी विचारतंच, "आमच्या चर्चमध्ये नॉर्वेजियन जेवण आहे, येणार का?" तिकीट काढायचं, तळघरातल्या हॉलमध्ये लांबलचक टेबलांवर अनोळखी लोकांच्या शेजारी बसायचं आणि जेवायचं. नोकरीनिमित्त ओस्लोत गेलेल्या मराठी माणसाचा अनुभव बरोबर उलटा असतो. 24 डिसेंबरच्या संध्याकाळी रस्त्यावर चिटपाखरू नाही, दुकानं बंद, सहकारी आपापल्या घरी, आणि हा बिचारा खिडकीतून समोरच्यांच्या खिडकीतले दिवे बघत बसलेला.

दोघंही नंतर सांगतात की आपण "नॉर्वेजियन नाताळ" पाहिला. खरं तर दोघांनी पाहिलेले सण वेगळे आहेत. मूळ एक, पण मधे दोनशे वर्षं आणि एक अटलांटिक महासागर गेलाय.

4 जुलै 1825 ला स्टावांगर बंदरातून एक छोटंसं शिडाचं जहाज बावन्न माणसं घेऊन निघालं आणि ऑक्टोबरात न्यूयॉर्कला लागलं. तिथपर्यंत वाटेत जन्मलेलं एक बाळही त्यात होतं. नॉर्वेतून अमेरिकेला झालेल्या संघटित स्थलांतराची सुरुवात इथून धरतात. पुढच्या शंभरेक वर्षांत आठ लाखांवर लोक गेले. नॉर्वे तेव्हा गरीब होता, डोंगराउताराची शेती वाटण्या होऊन होऊन तुटपुंजी झाली होती, आणि 1862 च्या होमस्टेड कायद्यानंतर पलीकडे कसायला जमीन मिळत होती. विस्कॉन्सिन, आयोवा, मिनेसोटा, डकोटा असे ते पसरले. 1895 मध्ये मिनिआपोलिसमध्ये अठरा जणांनी 'सन्स ऑफ नॉर्वे' ही संस्था काढली, ती सणासाठी नव्हे, तर आजारपणात आणि मृत्यूनंतर एकमेकांच्या कुटुंबाला आधार मिळावा म्हणून. विमा ती अजूनही विकते. पण तिच्या गावोगावच्या शाखा, ज्यांना लॉज म्हणतात, त्या आज मुख्यतः वारसा जपण्याचं काम करतात, आणि नॉर्वेशी रक्ताचं नातं नसलेल्यालाही सभासद करून घेतात. परदेशातल्या आपल्या महाराष्ट्र मंडळात ज्याने गणपतीच्या दिवशी खुर्च्या मांडल्या असतील, त्याला हे वातावरण समजावून सांगावं लागत नाही.

माझ्या मते खरा फरक हाच आहे: नॉर्वेतला नाताळ घराचा आहे, अमेरिकेतला हॉलचा. बाकीचे फरक बरेचसे यातूनच निघतात.

आधी घराचा पाहू. नॉर्वेत मुख्य दिवस 24 तारीख, 25 नव्हे. सकाळी टीव्हीवर सिंड्रेलाच्या गोष्टीवरचा 1973 सालचा चेकोस्लोव्हाक-जर्मन चित्रपट लागतो, दरवर्षी तोच. त्यात राजकन्येपासून सावत्र आईपर्यंत सगळ्यांचे संवाद एकच पुरुष नॉर्वेजियनमध्ये वाचतो, आणि हे विचित्र आहे असं तिथे कुणाला वाटत नाही. दुपारी अनेक घरांत दुधातला घट्ट भात. त्यात सोललेला एक बदाम लपवलेला, ज्याच्या वाटीत तो निघेल त्याला मार्झिपानचं, म्हणजे बदाम-साखरेच्या मिठाईचं, डुक्कर बक्षीस. मग स्मशानात जाऊन आपल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावायच्या. बर्फात अशा शेकडो ज्योती एकदम दिसतात, तेव्हा गप्प राहायला कुणाला सांगावं लागत नाही. पाच वाजता चर्चच्या घंटा वाजतात आणि नाताळ लागला असं मानतात. त्यानंतर जेवण, झाडाभोवती हात धरून फेर आणि गाणी, मग भेटवस्तू. सगळं घरातल्या घरात.

जेवणात काय? इथे अमेरिकेहून आलेला पाहुणा गोंधळतो. पूर्व नॉर्वेत 'रिब्बे', म्हणजे डुकराच्या फासळीकडचं चरबीदार मांस, वरची कातडी कुरकुरीत फुगेपर्यंत भट्टीत भाजलेलं. कातडी फुगली नाही तर यजमानीणबाईंचा नाताळ गेलाच म्हणायचा. पश्चिम किनाऱ्यावर 'पिन्नेशोट', मीठ लावून वाळवलेल्या मेंढीच्या फासळ्या, रात्रभर भिजवून बर्च झाडाच्या काड्यांवर वाफवलेल्या. आता पिन्नेशोट पश्चिमेपुरतं राहिलेलं नाही, देशभर खातात.

आणि मिनेसोटात? तिथे लुटफिस्क. लॉजच्या किंवा लुथरन चर्चच्या जेवणाला दुसरं नावच नाही: 'लुटफिस्क सपर'. ऑक्टोबरात सुरू होतात ती डिसेंबरापर्यंत चालतात, कारण 24-25 तारखेला सगळे आपापल्या घरी इतर अमेरिकनांसारखाच नाताळ करणार असतात. हॉलचा सण आधीच उरकावा लागतो.

लुटफिस्क हा पदार्थ काय आहे, हे एकदा नीट सांगायला हवं, कारण त्याबद्दल विनोदच जास्त ऐकू येतात. नॉर्वेच्या लोफोटन बेटांवर कॉड मासा हिवाळाअखेरीस लाकडी मांडवांवर टांगून नुसत्या थंड वाऱ्यावर सुकवतात, मीठ न लावता. तो लाकडासारखा कडक होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. खायचा तेव्हा आधी बरेच दिवस साध्या पाण्यात भिजवायचा, मग दोनेक दिवस तीव्र अल्कलीच्या पाण्यात. पूर्वी बर्चच्या राखेचं पाणी घेत, आता कॉस्टिक सोडा. त्यात मासा फुगतो, पारदर्शक होतो, आणि त्या अवस्थेत तो खाण्याजोगा नसतो. म्हणून पुन्हा कित्येक दिवस पाणी बदलत धुवायचा, आणि मगच शिजवायचा. दोन मिनिटं जास्त झाली की ताटात जेली. चांदीचे काटे-चमचे काळे पडतात म्हणून ते या जेवणाला काढत नाहीत. वास येतो, चव जवळजवळ नसते. सगळी मदार वर ओतलेल्या लोण्यावर.

हे लोणी ही अमेरिकन खूण. नॉर्वेतही लुटफिस्क खातात, आजही, पण बहुतेक नोव्हेंबर-डिसेंबरात हॉटेलांमध्ये आणि ऑफिसच्या पार्ट्यांमध्ये, वर बेकनचे तुकडे आणि त्याची वितळलेली चरबी, बाजूला वाटाण्याचा लगदा, मोहरी, बटाटे. 24 तारखेच्या रात्री तो फार थोड्या घरांत असतो. मिनेसोटाच्या ताटात वितळवलेलं लोणी, बटाटे, लेफ्से म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, आणि ज्यांना मासा झेपत नाही त्यांच्यासाठी मीटबॉल. मिनेसोटातलं मॅडिसन हे छोटं गाव स्वतःला लुटफिस्कची राजधानी म्हणवतं, आणि तिथे कॉडचा एक भलामोठा फायबरग्लासचा पुतळा आहे. नॉर्वेत असं काही करायचं कुणाच्या मनातही येणार नाही.

मग रिब्बे अमेरिकेत का रुजला नाही? माझा तर्क असा: सुका मासा बोटीने कुठेही येत होता, बर्फ लागत नव्हता, आणि शेकडो माणसांना एकाच वेळी मोठ्या पातेल्यांत शिजवून वाढता येत होता. कातडी कुरकुरीत राहिलेला रिब्बे हॉलमध्ये तीनशे ताटांना पुरवून दाखवा! त्यात डुक्कर तर तिथे सगळेच खात. वेगळेपणा दाखवायला मासाच बरा.

लेफ्से मात्र आपल्याला लगेच कळते. लॉजमध्ये नाताळाआधी एखादा शनिवार लेफ्सेचा असतो. उकडलेले बटाटे चाळणीतून बारीक काढून त्यात लोणी, साय, मीठ घालून रात्रभर गार ठेवलेले असतात. मैदा लाटायच्या अगदी आधी घालायचा, नाहीतर गोळा सैल होतो आणि मग मैदा वाढवत बसावं लागतं, लेफ्से चिवट होते. लाटण्यावर खाचा असतात आणि वर कापडी मोजा चढवलेला. पोळपाटही कापड ताणून बसवलेला, गोल. लाटून झाली की दोनेक फूट लांब, पातळ, चपटी लाकडी पट्टी मधोमध खालून सरकवायची, उचलायची आणि कोरड्या, कडक तापलेल्या विजेच्या तव्यावर अलगद उलगडायची. तेल नाही, तूप नाही. तपकिरी ठिपके आले की पलटायची आणि फडक्यात एकावर एक रचायची. नवख्याला आधी तव्याशी उभं करतात. लाटण्याचा मान आज्यांचा. पातळपणावरून तिथे जे टोमणे बसतात ते ऐकले की एकदम घरी आल्यासारखं वाटतं. खाताना लोणी, साखर, गुंडाळी. नॉर्वेत लेफ्सेचे प्रांतागणिक प्रकार आहेत, कित्येकांत बटाटा नसतोच. आणि बटाट्याची छोटी, जाडसर 'लोम्पे' तिथे वर्षभर सॉसेज गुंडाळायला वापरतात. अमेरिकेत या सगळ्या घराण्यातून एक बटाट्याची लेफ्सेच मुख्य झाली आणि ती सणाची झाली.

बिस्किटं दोन्हीकडे जवळपास तीच. नॉर्वेत "सात प्रकार" करायची जुनी चाल आहे. कोणते सात यावर एकमत नाही. नक्षीच्या साच्यात भाजून गरम असतानाच सुरळी केलेली 'क्रुमकाके' दोन्हीकडे हमखास. शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवावं, यात अंडं असतं. लेफ्सेत सहसा नसतं, पण काही घरांत चरबी घालतात, तेव्हा विचारावं.

'निस्से'बद्दलही गोंधळ आहे. लॉजच्या टेबलांवर लाल टोपीचे छोटे दाढीवाले बाहुले मांडलेले असतात, त्यांना पाहुणे सांताक्लॉज समजतात. मूळचा निस्से गोठ्यात राहणारा, चिडका, गुरं सांभाळणारा. नाताळच्या रात्री त्याच्यासाठी लोण्याचा गोळा घातलेली लापशी ठेवायची. एका लोककथेत लोणी तळाशी गेलेलं त्याला दिसत नाही, तो रागाच्या भरात उत्तम गाय मारतो, मग तळाशी लोणी सापडल्यावर पस्तावतो. भेटी आणणारा 'युलेनिस्से' हा नंतरचा, सांताच्या वळणावर गेलेला. पण नॉर्वेत तो धुराड्यातून रात्री गुपचूप येत नाही. मुलं जागी असतानाच दार वाजवतो आणि विचारतो, इथे कुणी शहाणी मुलं आहेत का? बहुधा घरातला एखादा काका त्याच वेळी "जरा बाहेर जाऊन येतो" म्हणून गेलेला असतो.

अमेरिकेत एवढं सगळं जेवणावरच का येऊन थांबलं, याला एक कडवट कारणही आहे. पहिल्या महायुद्धात परकी भाषा संशयास्पद ठरल्या. मे 1918 मध्ये आयोवाच्या गव्हर्नरने शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, टेलिफोनवर, अगदी चर्चच्या प्रार्थनेतही इंग्रजीशिवाय दुसरी भाषा वापरायला मनाई केली. रोख जर्मनवर होता, पण नॉर्वेजियन शेतकरीही त्यात सापडले. हुकूम काही महिन्यांत मागे पडला, तरी भाषेची घसरण नंतरही चालूच राहिली. मुलं-नातवंडं इंग्रजीत गेली. पदार्थाला व्याकरण लागत नाही, तो राहिला. मिनिआपोलिसच्या मिंडेकिर्केन या चर्चमध्ये नॉर्वेजियनमधून प्रार्थना अजून होते, पण तो अपवाद.

दरम्यान मूळ देश पार बदलला. 1969 च्या नाताळाच्या तोंडावर उत्तर समुद्रात एकोफिस्कचा मोठा तेलसाठा सापडल्याची बातमी सरकारला कळली आणि गरीब मच्छीमारांचा देश बघता बघता श्रीमंत झाला. आज तिथे शुक्रवारी रात्री घरोघरी मेक्सिकन टाको खातात. ओस्लोहून मिनेसोटाला आलेला तरुण लुटफिस्क सपर बघून म्हणतो, हे तर माझ्या पणजीचं. ते हसण्यावारी नेणं मला पटत नाही. मिनेसोटातल्या लोकांनी नॉर्वेची नक्कल करायची ठरवलीच नव्हती. त्यांनी आपल्या आजीला जपलं, आणि त्या आजीच्या माहितीचा नॉर्वे 1880 चा होता.

आता व्यवहाराचं. सपरची तिकिटं लवकर संपतात, आणि अनेक ठिकाणी पाळीपाळीने जेवायला बोलावतात, तेव्हा उपाशीपोटी उशिरा पोचू नका. पहिल्यांदा मासा थोडाच वाढून घ्या, लोणी भरपूर घ्या, आणि मीटबॉल मागायला लाजू नका; शेजारचे निम्मे नॉर्वेजियन तेच खात असतात. ओस्लोत असाल तर 24 तारखेच्या आमंत्रणाची वाट पाहत बसू नका. त्याआधीच्या आठवड्यांत ऑफिसची 'युलेबूर' पार्टी असते, तिला जा. आणि 23 तारखेलाच दूध, भाजी, ब्रेड भरून ठेवा. 24 ला दुकानं दुपारनंतर उघडी राहत नाहीत.