छातीत कळ आणि दीड किलोमीटरची तार

"छातीत जळजळायलंय, पित्त असंल." मराठवाड्यातल्या ग्रामीण रुग्णालयात रात्री येणारा माणूस बहुधा असंच सांगतो. सिस्टर बटणं सोडून जेली लावते, ईसीजीची (हृदयातल्या विजेच्या आलेखाची) पट्टी निघते, आणि ड्युटीवरचा डॉक्टर तिचा फोटो लातूरला नाहीतर संभाजीनगरला पाठवतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या काळातली ही युक्ती वाटते खरी, पण ती जवळपास ईसीजीइतकीच जुनी आहे.

नेदरलँड्समधल्या लायडनच्या विल्लेम आइन्थोव्हेन यांचं ईसीजी यंत्र सुमारे २७० किलोचं होतं. चालवायला पाच माणसं, आणि रुग्णाचे हात-पाय मिठाच्या पाण्यात बुडवलेले! हे धूड वॉर्डात नेणार कोण? म्हणून १९०५ मध्ये त्यांनी दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेवरून आलेख प्रयोगशाळेत आणला. १९२४ चं नोबेल त्यांना मिळालं. आलेखातल्या लाटांना दिलेली पी-क्यू-आर-एस-टी ही अक्षरंही त्यांचीच.

हार्ट अटॅकमध्ये आलेखातला एसटी, म्हणजे एस आणि टी यांच्यामधला भाग, वर उचलला जातो, हे १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरोल्ड पार्डी यांनी दाखवलं. छातीवरच्या सहा जागा १९३८ मध्ये ठरल्या, १९४२ मध्ये गोल्डबर्गर यांनी तीन लीड (हृदयाकडे बघायच्या दिशा) वाढवल्या आणि आइन्थोव्हेन यांच्या मूळ तीन धरून बारा पुऱ्या झाल्या. (तारा मात्र दहाच. नवा इंटर्न इथे हमखास चकतो.)

पण पट्टी वाचून करायचं काय? कित्येक वर्षं उत्तर एकच होतं: मॉर्फिन आणि सक्तीची विश्रांती. इटलीतल्या 'जिस्सी' चाचणीने १९८६ मध्ये हे बदललं. स्ट्रेप्टोकायनेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाने जीव वाचतात, आणि जितक्या लवकर दिलं तितके जास्त, हे तिथे दिसलं. माझ्या मते ईसीजीला खरी घाई लागली ती तेव्हापासून. रुग्ण आल्यापासून दहा मिनिटांत पट्टी, हा आजचा नियम त्याच घाईतला. कॅथलॅब (अँजिओप्लास्टी होते ती जागा) दोन तासांपेक्षा लांब असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जागेवरच देऊन रुग्ण पुढे पाठवायचा, आणि आपल्याकडच्या कितीतरी तालुक्यांना हेच लागू पडतं.

पहिली पट्टी नॉर्मल आली म्हणून "गॅस आहे" म्हणत घरी धाडणं धोक्याचं. कळ थांबत नसेल तर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा काढायची. छातीवरच्या व्ही-१ ते व्ही-३ या लीडमध्ये एसटी खाली गेलेला दिसला तर पाठीवरही लीड लावून बघायच्या, कारण अटॅक हृदयाच्या मागच्या भिंतीचा असू शकतो.

जुनी पट्टी शेजारी असली की नवा बदल चटकन कळतो. पण पट्टीचा थर्मल (उष्णतेने छपाई होणारा) कागद आपल्या उन्हात पार कोरा पडतो, म्हणून जाणते डॉक्टर नातेवाइकाला आधी झेरॉक्सच्या दुकानात पिटाळतात.