एका बैठकीतील दंतकॅप (खानदेश)

किडलेल्या, तुटलेल्या किंवा रूट कॅनाल झालेल्या दाताला चहूबाजूंनी झाकणारे कवच म्हणजे कॅप. दात तासण्यापासून कॅप पक्की चिकटवण्यापर्यंतचे सारे काम रुग्ण दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी उरकणे, ही या नोंदीतील पद्धत. त्यासाठी तोंडात फिरवायचा स्कॅनर, डिझाइनचे सॉफ्टवेअर आणि सिरॅमिकचा ठोकळा कोरणारे मिलिंग मशीन दवाखान्यातच लागते. साध्या दाढेला दीड ते अडीच तास पुरतात. नेहमीच्या रीतीत हेच काम दोन-तीन फेऱ्यांत होते. पहिल्या दिवशी दात तासून माप घ्यायचे, वर तात्पुरती कॅप लावायची, माप लॅबला पाठवायचे आणि आठवडाभराने कॅप आली की रुग्णाला पुन्हा बोलवायचे.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खानदेशात या फरकाचे मोल बसच्या तिकिटात आणि बुडालेल्या रोजात मोजावे लागते. दंतवैद्यकाच्या दृष्टीने मात्र वाचते ती फक्त वाट पाहण्याची वेळ. दात कसा तासला, हिरडी कशी होती, चिकटवताना जागा कोरडी राहिली की नाही, यावरच कॅपचे आयुष्य ठरते, आणि या तिन्ही गोष्टी मशीन करत नाही.

एक गल्लत आधीच दूर करायला हवी. दवाखान्यांच्या पाट्यांवर ‘सिंगल सिटिंग’ असे लिहिलेले असते ते बहुतेक वेळा रूट कॅनालबद्दल असते, म्हणजे दाताच्या आतली नस साफ करून पोकळी भरण्याचे काम एका भेटीत. त्यावरची कॅप हा वेगळा प्रकार आणि वेगळा खर्च. पाटी वाचून आलेला रुग्ण ‘डाक्टर, आजच बसी जाई का?’ असे विचारतो तेव्हा त्याच्या मनात नेमके कोणते काम आहे, हे दोघांनी बोलून घेतलेले बरे. सकाळी स्कॅन आणि संध्याकाळी गावातल्याच लॅबमधून आलेली कॅप, हा तिसरा प्रकार. त्यात दिवस एकच जातो, बैठका दोन होतात.

इतिहास

फ्रान्सचे दंतवैद्य फ्रांस्वा ड्युरे यांनी १९७३ मध्ये आपल्या प्रबंधात प्रकाशाच्या साह्याने दाताचे माप घेण्याची कल्पना मांडली. झ्युरिक विद्यापीठातील दंतवैद्य वेर्नर मॉरमान आणि विद्युत अभियंता मार्को ब्रांदेस्तिनी यांनी सगळे यंत्रच रुग्णाच्या खुर्चीशेजारी आणायचे ठरवले. १९ सप्टेंबर १९८५ रोजी त्यांच्या यंत्राने कोरलेला सिरॅमिकचा पहिला तुकडा झ्युरिकमध्ये एका रुग्णाच्या दातात बसला. ती कॅप नव्हती. दाताच्या खड्ड्यात बसणारे ते इन्ले होते आणि त्या यंत्राला चावण्याच्या पृष्ठभागावरचे उंचवटे कोरता येत नसल्याने ते डॉक्टरांना हाताने घडवावे लागत. सिमेन्सने हे यंत्र ‘सेरेक’ नावाने विकले. कंपनीचा दंतविभाग १९९७ मध्ये वेगळा होऊन सिरोना झाला. पूर्ण कॅप कोरण्याची सोय १९९४ च्या ‘सेरेक २’ मध्ये आली. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांना दातांची चकाकी चालत नसे, म्हणून स्कॅनआधी टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड फवारत. रंगीत व्हिडिओ घेणारे स्कॅनर २०१२ च्या सुमारास आले आणि पूड गेली.

लॅबमधली जुनी धातूची कॅप वेगळ्याच वाटेने आली. दाताचा आकार मेणात घडवायचा, साच्यात ते मेण जाळून टाकायचे आणि मोकळ्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. अमेरिकी दंतवैद्य विल्यम टॅगर्ट यांनी १९०७ मध्ये ही रीत दंतवैद्यकात रूढ केली. जळगावच्या सराफ बाजारातल्या कारागिराला तिच्यात नवल वाटणार नाही, कारण ओतीव दागिन्यांमागचे तत्त्वही हेच. सोन्याची कॅप आज क्वचितच कोणी मागतो, पण समोरच्या दाताची झीज न करण्याच्या बाबतीत सोन्याचा हात धरणारे सिरॅमिक अजून मिळालेले नाही.

कृती

काम रंगापासून सुरू होते. दात कोरडा पडला की पांढुरका दिसू लागतो, म्हणून तासणी सुरू होण्याआधीच ओल्या दाताशी शेड गाइड धरून छटा ठरवतात. ‘ए-१’ ते ‘डी-४’ अशा १६ छटांचा जुना संच यासाठी सर्वत्र वापरला जातो. छटा ट्यूबलाइटखाली न ठरवता खिडकीच्या उजेडात ठरवावी.

मग लिग्नोकेनची भूल देऊन दाढ तासतात. चावण्याच्या बाजूने दीड ते दोन मिलिमीटर, कडेने एक मिलिमीटरच्या आसपास. धातूच्या कॅपला याहून कमी तासणी चालते, हे झाकून ठेवण्यासारखे नाही. सिरॅमिकच्या देखणेपणाची किंमत काही अंशी दातच मोजतो. मशीनसाठी तासताना आणखी एक पथ्य असते. कोरणाऱ्या बरला (फिरत्या बारीक टोकाला) स्वतःची जाडी असल्यामुळे त्याला अणकुचीदार कोपऱ्यात शिरता येत नाही. तासलेल्या दाताचे कंगोरे गोलसर नसतील तर तिथे कॅप आतून जास्त पोखरली जाते, पातळ होते आणि पुढे तिथूनच तडकते.

तासलेली कड हिरडीच्या आत जात असेल तर बारीक दोरा भरून हिरडी थोडी बाजूला सारतात. स्कॅनर फक्त उजेडात दिसणारे टिपतो. कडेवर रक्त किंवा लाळ असेल तर तो तिचाच फोटो काढतो आणि सॉफ्टवेअर त्या डबक्याच्या काठाला दाताची कड समजते. म्हणून मिश्री लावून सुजलेल्या, हात लावताच रक्त येणाऱ्या हिरड्या असतील, तर आधी दातांची सफाई करून हिरडी बरी होऊ देणेच शहाणपणाचे. अशा रुग्णाला एका बैठकीची घाई महागात पडते.

खालची बत्तिशी, वरची बत्तिशी आणि दोन्ही मिटलेल्या स्थितीतला चावा, असे तीन स्कॅन काही मिनिटांत होतात. सॉफ्टवेअर शेजारच्या दातांवरून आकार सुचवते, पण कडेची रेघ, उंचवटे आणि शेजारच्या दाताशी होणारा स्पर्श डॉक्टरने तपासून दुरुस्त करायचा असतो. या स्पर्शाकडे दुर्लक्ष झाले तर जेवणानंतर दर वेळी शेवभाजीतली शेव त्याच फटीत अडकते, हिरडी दुखते आणि रुग्ण कॅपला नावे ठेवतो.

ठोकळा मशीनमध्ये अडकवला की हिऱ्याच्या कणांचे बर पाण्याच्या फवाऱ्यात दहा-पंधरा मिनिटांत कॅप कोरतात. सर्वाधिक वापरात असलेला ठोकळा लिथियम डायसिलिकेट या काचमिश्रित सिरॅमिकचा. तो जांभळट असतो आणि त्या अवस्थेत मुद्दाम कमी कठीण ठेवलेला असतो, म्हणजे कोरता येतो. जांभळी कॅप दातावर घालून बघतात, चावा आणि फटी तपासतात, मगच ती भट्टीत जाते. सुमारे ८५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवत वीस-पंचवीस मिनिटे भाजली की आतले स्फटिक वाढतात, तिची ताकद दुपटीहून जास्त होते आणि जांभळा रंग जाऊन दाताची छटा उमटते. चकाकी आणि बारीक डाग याच भाजणीत देता येतात.

झिरकोनिया या दुसऱ्या, जास्त कणखर सिरॅमिकचे गणित निराळे. तो मऊ, खडूसारख्या अवस्थेत कोरतात आणि १५०० अंशांच्या आसपास भाजतात. भाजताना तो साधारण पंचमांशाने आकसतो, म्हणून मशीन त्या हिशेबाने मोठी कॅप कोरते. नेहमीच्या भट्टीला यासाठी कित्येक तास लागतात. अर्ध्या तासात भाजणारी खास भट्टी दवाखान्यात नसेल तर ‘झिरकोनिया, आजच्या आज’ हे आश्वासन पाळता येत नाही.

शेवटची पायरी चिकटवण्याची, आणि बहुतेक गोष्टी बिघडतात त्या इथेच. लिथियम डायसिलिकेटच्या कॅपची आतली बाजू हायड्रोफ्लोरिक आम्लाने वीस सेकंद खरवडून धुतात, सिलेन हे सिरॅमिक आणि सिमेंट यांना जोडणारे द्रव लावतात आणि रेझिन सिमेंटने ती दाताला जोडतात. झिरकोनियात काच नसल्याने आम्लाचा काही उपयोग होत नाही; त्याला बारीक वाळूचा मारा आणि वेगळा प्रायमर (सिमेंट धरून ठेवणारा लेप) लागतो. दोन्हींत लाळेचा थेंबही नको, म्हणून शक्य तिथे दाताभोवती रबर डॅम (रबराचा पातळ पडदा) बांधतात. जास्तीचे सिमेंट काढून, निळ्या कागदावर चावायला लावून उंच जागा घासल्या की काम संपते. ओठाची बधिरता आणखी दोन-तीन तास राहते. तोवर गरम चहा आणि चघळणे टाळायचे, नाहीतर गाल चावला जातो.

खानदेशातील व्यवहार

दातांचे दवाखाने तालुक्याच्या गावापर्यंत पोचले आहेत. धुळ्यात एसीपीएम दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी काम करतात, तिथे पैसे कमी आणि वेळ जास्त लागतो. मशीन, स्कॅनर आणि भट्टी यांचा पूर्ण संच कित्येक लाखांचा असल्याने तो रोज पुरेशा कॅप बसवणाऱ्या शहरी दवाखान्यालाच परवडतो. मधला मार्ग म्हणजे नुसता स्कॅनर ठेवणे. स्कॅन इंटरनेटवरून लॅबला जातो आणि कॅप कुरिअरने येते. मापाचा मसाला तोंडात धरून ओकारी येण्याचा त्रास वाचतो, दुसरी फेरी मात्र चुकत नाही.

ती दुसरी फेरी कोणाला किती जड जाते हे गावावर अवलंबून. जळगाव शहरात राहणाऱ्याला ती अर्ध्या तासाची. रावेर-यावलच्या केळीवाल्याला काढणी सुरू असताना ती नको असते. धडगाव किंवा मोलगीच्या माणसाला सातपुड्याचे घाट उतरून नंदुरबार गाठायचे म्हणजे मजुरीचा अख्खा दिवस जातो. नंदुरबार जिल्ह्यातली अनेक आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात ती उन्हाळ्यात परततात. त्यांच्यापैकी कोणी तात्पुरती कॅप लावून गेला, तर पुढची तारीख राहूनच जाते. तात्पुरती कॅप काही आठवड्यांच्या बोलीवर बसवलेली असते. ती सुटली की तासलेला जिवंत दात थंड पाण्याने झिणझिणतो, उघड्या पृष्ठभागातून कीड शिरते, शेजारचे आणि समोरचे दात त्या जागेत सरकतात आणि लॅबमध्ये तयार होऊन पडलेली कॅप बसेनाशी होते. एका बैठकीच्या पद्धतीचा खरा फायदा या रुग्णाला आहे, आणि ती परवडण्याची शक्यताही त्याच्याचकडे सर्वांत कमी. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरच्या नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर या गावांतले लोक निदान सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परतू शकतात.

मागणीला हंगाम असतो. कापसाचे पैसे हातात येतात तेव्हा, आणि लग्नसराईच्या तोंडावर, पुढच्या दातांची आठवण होते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकीची राहून गेलेली दाढही त्याच आठवड्यात उरकायची असते. या काळात एका रुग्णासाठी दोन तास खुर्ची अडकवणे डॉक्टरलाही कठीण जाते.

हवामानाचाही संबंध येतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि उष्णतेत रेझिन सिमेंट लवकर घट्ट होते. त्यामुळे सिमेंट थंड जागी ठेवणे आणि खोलीत एसी असणे ही इथे चैन नव्हे. भट्टी चालू असताना वीज गेली तर भाजणी वाया जाते. साधा इन्व्हर्टर दिवे-पंखे चालवतो, भट्टीचा भार त्याला पेलत नाही.

कोणासाठी नाही

पुढच्या एकाच दाताची कॅप शेजारच्या दाताशी हुबेहूब जुळवायची असेल तर कुशल तंत्रज्ञाने थर देऊन घडवलेली लॅबची कॅप अजूनही सरस ठरते. एकाच ठोकळ्यातून कोरलेल्या कॅपमध्ये दाताच्या टोकाची पारदर्शक झाक तितकी उतरत नाही. लांब ब्रिज (गेलेल्या दातांची जागा भरणारी जोडकॅपची रांग), हिरडीखाली खोल गेलेली कीड, हिरडीवर जेमतेम मिलिमीटरभर उरलेला दात, यांनाही ही पद्धत योग्य नाही. झोपेत दात खाणाऱ्यांना झिरकोनिया किंवा धातू सांगतात.

या भागात आणखी एक अडचण वारंवार समोर येते. वर्षानुवर्षे सुपारी आणि गुटखा खाल्ल्याने गालाची त्वचा आतून ताठर होते आणि तोंड पुरते उघडत नाही. ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ नावाचा हा आजार कर्करोगाकडे झुकू शकतो. अशा तोंडात स्कॅनरचे टोक शेवटच्या दाढेपर्यंत जात नाही, तासणारे हँडपीसही नीट पोचत नाही. मशीन कितीही नवे असो, इथे आधी तोंडाची तपासणी आणि सुपारी बंद.

मुलांची स्टीलची कॅप

एका बैठकीची कॅप म्हटले की महागडे मशीन डोळ्यांसमोर येते, पण लहान मुलांच्या दुधाच्या दाढांना १९५० पासून एकाच भेटीत कॅप बसत आली आहे. विल्यम हम्फ्री यांनी त्या वर्षी प्रचारात आणलेल्या स्टेनलेस स्टीलच्या कॅप वेगवेगळ्या मापांत तयार मिळतात. योग्य माप निवडायचे, कड आवळायची आणि सिमेंट भरून दाबून बसवायची. स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रीतीत तर योग्य दाढेला भूल आणि तासणीही लागत नाही, कीड कॅपखाली बंद केली जाते. वीज नसलेल्या पाड्यावरच्या शिबिरातही हे होऊ शकते. रुपेरी दात पाहून पालक नाक मुरडतात, एवढीच तिची खोड.

निगा

कॅप किडत नाही, तिच्या कडेखालचा दात किडतो. म्हणून रोज दोनदा ब्रश आणि कॅपच्या दोन्ही बाजूंनी फ्लॉस किंवा फटींचा छोटा ब्रश हवा. पहिला दिवस शेंगदाणे, फुटाणे आणि चिकट गूळ त्या बाजूने नको. पुढेही सुपारी फोडायला कॅप वापरू नये. चावताना एकच जागा आधी लागते असे वाटले तर ‘सवय होईल’ म्हणून थांबू नये, कारण उंच राहिलेली कॅप तडकते किंवा खालची दाढ ठणकू लागते.

स्कॅन आणि डिझाइनची फाइल दवाखान्यात जपून ठेवता येते. कॅप फुटली आणि खालचा दात जसाच्या तसा असेल तर नवे माप न घेता त्याच फाइलवरून दुसरी कोरता येते. खाली कीड लागली असेल किंवा दाताचा तुकडा निघाला असेल तर फाइल निरुपयोगी, काम तासणीपासून नव्याने करावे लागते.