ताप उतरला, सांधे का सुटेनात?

चिकुनगुन्याचा ताप बहुधा आठवड्याच्या आत उतरतो. दुखणं मात्र मनगटं, घोटे आणि बोटांच्या पेरांत ठाण मांडतं. सकाळी मूठ वळत नाही, पाऊल टेकवताना कळ येते. बऱ्याच जणांना काही आठवड्यांत आराम पडतो. काहींना कित्येक महिने, क्वचित वर्षंही, ते सोडत नाही.

महाराष्ट्राला हा आजार नवा नाही. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची साथ आली होती. मग तीसेक वर्षं तो देशात जवळजवळ दिसलाच नाही. परतला तो २००५-०६ मध्ये, आणि २००६ या एकाच वर्षात देशभर सुमारे १४ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली.

रक्तात हा विषाणू साधारण आठवडाभरच असतो. पण तेवढ्यात तो सांध्याच्या आतल्या अस्तरात शिरतो. त्याला हटवायला आलेल्या प्रतिकार पेशी दाह वाढवणारी रसायनं सोडतात आणि अस्तर सुजतं. काही रुग्णांच्या सांध्यांत विषाणूचे जनुकीय अंश बऱ्याच महिन्यांनीही सापडले आहेत. जिवंत विषाणू तिथे सहसा मिळत नाही, तरी दाह चालूच राहतो.

खरी फसगत पुढे होते. दोन्ही हातांचे लहान सांधे सुजलेले, सकाळी आखडलेले: हे चित्र थेट आमवाताचं, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं. त्यात आमवातासाठी केली जाणारी ‘आरए फॅक्टर’ ही रक्ततपासणीही कधीकधी पॉझिटिव्ह येते. म्हणून दुसऱ्याच आठवड्यात रिपोर्ट हातात घेऊन जन्मभराचा आमवात झाला असं ठरवणं घाईचं. अँटी-सीसीपी ही तपासणी आमवाताकडे जास्त नेमकं बोट दाखवते. सूज तीन महिन्यांनंतरही असेल तर मात्र संधिवाततज्ज्ञ गाठावाच, कारण आमवात अंगावर काढला तर हाडं झिजतात. गुडघे आधीच झिजलेले असतील तर साथीच्या तापानंतर तेही जास्त कुरकुरतात. एकच सांधा लालभडक, गरम आणि सोबत थंडीताप असेल, तर आत पू झाल्याची शक्यता असते. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना.

सुरुवातीला पॅरासिटामॉल पुरे. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका असतो. ‘एका इंजेक्शनात सांधे मोकळे’ म्हणणाऱ्यांपासूनही चार हात लांबच राहावं. त्यात बरेचदा स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं आणि पुढच्या डॉक्टरला खरं दुखणं ओळखणं अवघड जातं.