युरोपियन सहकारी संस्था कशी नोंदवायची: पात्रता, कागदपत्रं आणि कामाचा क्रम

कोल्हापूरच्या संस्थेला बेळगावातले सभासदही घ्यायचे असतील, तर महाराष्ट्राचा १९६० चा सहकार कायदा पुरत नाही. २००२ च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्याखाली नोंदणी करावी लागते. ‘मल्टीस्टेट’ हा शब्द आपल्याकडे रुळला तो त्यातूनच. युरोपात हाच प्रश्न दोन राज्यांऐवजी दोन देशांच्या बाबतीत उभा राहिला. नेदरलँड्सचे शेतकरी आणि बेल्जियमचे शेतकरी एकाच संस्थेचे सभासद झाले, तर कायदा कोणाचा, मतदान कसं आणि नफ्याचं काय? त्यासाठी युरोपियन युनियनच्या कौन्सिलने २२ जुलै २००३ रोजी १४३५/२००३ क्रमांकाचा नियम केला. तो १८ ऑगस्ट २००६ पासून लागू आहे. या नियमाखाली नोंदलेल्या युरोपियन सहकारी संस्थेला तिच्या लॅटिन नावाच्या आद्याक्षरांवरून एससीई म्हणतात.

जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी कोणी दोन देशांत मिळून धान्य खरेदीची, सौर विजेची किंवा अनुवादकांची संस्था काढायचा विचार करत असेल, तर त्यांना ही माहिती थेट उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. दुसऱ्या देशातल्या संस्थेकडून फक्त माल घ्यायचा किंवा तिला विकायचा असेल, तर एससीईची अजिबात गरज नाही. साध्या करारावर भागतं. सभासद दोन देशांतले, भागभांडवल एकत्र आणि निर्णयही एकाच सर्वसाधारण सभेत, असं खरोखर हवं असेल तरच या वाटेला जा. हा प्रकार निवडणाऱ्या संस्था आजवर फार थोड्या आहेत. माझ्या मते त्याचं मोठं कारण म्हणजे हा नियम जागोजागी ‘स्थानिक कायद्याप्रमाणे’ म्हणून पुन्हा त्या त्या देशाच्या कायद्याकडे बोट दाखवतो. एक नियम वाचून काम संपत नाही, दोन कायदे शेजारी ठेवून वाचावे लागतात.

कोण स्थापन करू शकतं

पाच वाटा आहेत. पहिली म्हणजे किमान पाच व्यक्ती, ज्या मिळून युरोपियन युनियनच्या निदान दोन सदस्य देशांत राहतात. दुसरी, व्यक्ती आणि कंपन्या किंवा संस्था मिळून किमान पाच. तिसरी, फक्त कंपन्या आणि संस्था, ज्या निदान दोन वेगवेगळ्या सदस्य देशांच्या कायद्याखाली आहेत. चौथी, दोन देशांतल्या आधीपासूनच्या सहकारी संस्थांचं विलीनीकरण. पाचवी, एकाच देशातल्या सहकारी संस्थेचं रूपांतर. मात्र रूपांतरासाठी तिची शाखा किंवा उपकंपनी दुसऱ्या सदस्य देशात किमान दोन वर्षं असायला हवी.

पहिल्या वाटेत अट रहिवासाची आहे, नागरिकत्वाची नाही. भारतीय पासपोर्टवर जर्मनीतल्या म्युनिकमध्ये राहणारे तिघे आणि नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनमध्ये राहणारे दोघे मिळून प्रवर्तक, म्हणजे संस्था स्थापन करणारे, होऊ शकतात. आपल्या मल्टीस्टेटला व्यक्ती प्रवर्तक असतील तर प्रत्येक राज्यातून किमान ५० जण लागतात. त्या मानाने ही अट किती हलकी आहे पाहा! फक्त ज्याचा निवास परवाना नोकरीपुरताच आहे, त्याने संचालकपद घेण्याआधी परवान्यातल्या अटी तपासाव्यात. तो प्रश्न सहकार कायद्याचा नसून परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्याचा आहे आणि दर देशात त्याचं उत्तर वेगळं असतं.

युरोपियन युनियनबरोबर नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन हे देशही यात मोजले जातात. स्वित्झर्लंड मोजला जात नाही आणि युनियनमधून बाहेर पडल्यापासून ब्रिटनही नाही. म्हणजे एक गट लंडनमध्ये आणि दुसरा पॅरिसमध्ये असेल, तर दोन देशांची अट पूर्ण होत नाही. महाराष्ट्रात नोंदलेली सहकारी संस्थाही प्रवर्तक होऊ शकत नाही, कारण प्रवर्तक संस्था सदस्य देशाच्या कायद्याखाली स्थापन झालेली लागते. अशा संस्थेने एससीईशी व्यापारी करार करणं हाच सरळ मार्ग.

सगळ्यात आधी कार्यालयाचा देश ठरवा

बहुतेक गट उपविधींपासून, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमांपासून, सुरुवात करतात. मी उलट सांगेन. नोंदणीकृत कार्यालय कोणत्या देशात ठेवायचं हे ठरेपर्यंत उपविधींची एक ओळही लिहू नका. नियमात जे नाही ते त्या देशाच्या सहकार कायद्यावरून ठरतं. तिथे सहकारी संस्था स्थापन करायला नोटरीसमोर दस्त लागत असेल, तर एससीईलाही लागतो. नेदरलँड्समध्ये तसा तो लागतो. जर्मनीत प्रत्येक सहकारी संस्थेला लेखापरीक्षण संघाचं सभासद व्हावं लागतं. जिथे असं बंधन आहे तिथे कार्यालय ठेवलं, तर ते एससीईलाही आपोआप लागू होतं आणि त्याचा खर्च दरवर्षी येतो. पाच-सात जणांच्या छोट्या संस्थेला तो जड जाऊ शकतो, म्हणून आधीच चौकशी करून आकडा हातात घ्यावा.

आणखी एक अट अशी की प्रत्यक्ष कारभाराचं मुख्यालय आणि नोंदणीकृत कार्यालय एकाच सदस्य देशात हवं. कागदावर एक देश आणि कारभार दुसऱ्या देशातून, असं चालत नाही.

भागभांडवल

किमान ३०,००० युरो. ही रक्कम पहिल्या दिवशी पूर्ण भरावी लागत नाही. रोखीने घेतलेल्या प्रत्येक भागाच्या दर्शनी मूल्याच्या निदान २५ टक्के भाग घेतानाच भरायचे, उरलेले पाच वर्षांत. वस्तू किंवा मालमत्तेच्या रूपाने भाग घेतला, तर तो पूर्णच भरावा लागतो. ‘मी संस्थेसाठी काम करीन, त्या बदल्यात भाग द्या’ हे मात्र मान्य नाही. बँक किंवा विम्यासारख्या व्यवसायाला स्थानिक कायदा जास्त भांडवल मागत असेल, तर तेच लागू.

सभासद येतील-जातील तसं भांडवल कमी-जास्त होतं, पण भाग परत केल्यामुळे ते ३०,००० च्या खाली जाता कामा नये. वाढाव्यातून, म्हणजे वर्षाअखेर उरलेल्या नफ्यातून, दरवर्षी किमान १५ टक्के राखीव निधीत टाकायचे, तो निधी ३०,००० युरो होईपर्यंत.

कागदपत्रं

मुख्य कागद म्हणजे उपविधी. ते लेखी हवेत आणि त्यावर सगळ्या प्रवर्तकांच्या सह्या हव्यात. त्यात ‘एससीई’ ही अक्षरं जोडलेलं संस्थेचं नाव (सभासदांची जबाबदारी भागापुरती असेल तर ‘लिमिटेड’ही), उद्दिष्टं, प्रवर्तकांची नावं, कार्यालयाचा पत्ता, सभासद घेण्याचे, काढण्याचे आणि राजीनाम्याचे नियम, भागाची किंमत, भांडवल बदलतं असल्याचा उल्लेख, राखीव निधीचा नियम, संचालकांची नेमणूक आणि अधिकार, गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) आणि मतदानातलं बहुमत एवढं आलंच पाहिजे.

सभासदत्वाचे नियम लिहिताना सर्वांत जास्त वेळ द्या. सभासद करून घेण्याचा निर्णय व्यवस्थापनाचा असतो, पण अर्ज नाकारला गेला तर अर्जदाराला सर्वसाधारण सभेकडे दाद मागता येते. बिगरसभासदांना सेवा द्यायची असेल, तर तेही उपविधींतच लिहावं लागतं. नाहीतर ती देताच येत नाही.

व्यक्ती प्रवर्तक असतील तर ओळखपत्र आणि रहिवासाचा पुरावा, संस्था असेल तर तिचा नोंदणी उतारा आणि सहभागाचा ठराव जवळ ठेवा. हे कागद कोणत्या भाषेत आणि किती साक्षांकित हवेत, ते नोंदणी कार्यालयाला लेखी विचारून घ्या.

विलीनीकरणाच्या वाटेने जाणाऱ्यांना विलीनीकरणाचा मसुदा, स्वतंत्र तज्ज्ञांचा अहवाल आणि प्रत्येक संस्थेच्या सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. मसुदा जाहीर झाल्यावर किमान महिनाभराने सभा घ्यायची. त्यानंतर प्रत्येक देशातला सक्षम अधिकारी प्रमाणपत्र देतो आणि ते मिळाल्यापासून सहा महिन्यांत नोंदणीसाठी सादर करावं लागतं. ही मुदत चुकवू नका.

कर्मचाऱ्यांचा सहभाग

इथे बरेच गट अडखळतात. युरोपियन युनियनच्या २००३/७२ या निर्देशानुसार कर्मचाऱ्यांना माहिती कशी द्यायची आणि त्यांचं म्हणणं कसं ऐकायचं, याची व्यवस्था ठरल्याशिवाय नोंदणी होत नाही. कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींची एक समिती बनते आणि वाटाघाटींना सहा महिने मिळतात, दोन्ही बाजू राजी असतील तर एकूण वर्षभर. फक्त व्यक्तींनी स्थापन केलेल्या आणि ५० पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या संस्थेला मात्र ही लांब प्रक्रिया सहसा लागत नाही. तिथे स्थानिक नियमांवर भागतं. छोट्या गटांसाठी ही मोठी सवलत आहे.

नोंदणी आणि त्यानंतर

अर्ज ब्रुसेल्सला जात नाही. तो कार्यालय असलेल्या देशाच्या नोंदणी पुस्तकात जातो, नेदरलँड्समध्ये चेंबर ऑफ कॉमर्सच्या व्यापार नोंदवहीत. नोंद झाली त्या दिवसापासून संस्थेला कायदेशीर अस्तित्व मिळतं. त्या देशात सूचना प्रसिद्ध झाली की युरोपियन युनियनच्या राजपत्रातही फक्त माहितीसाठी छोटी सूचना येते.

मतदानात एक सभासद एक मत. स्थानिक कायदा परवानगी देत असेल तर संस्थेशी जास्त व्यवहार करणाऱ्याला जास्त मतं देता येतात, पण एकाला पाच मतं किंवा एकूण मतांच्या ३० टक्के, यांतलं जे कमी तेवढीच. भांडवल जास्त घातलं म्हणून सहसा मत वाढत नाही. फक्त पैसे गुंतवणारे, सेवा न वापरणारे सभासद घेतले, तरी सगळ्यांची मिळून मतं २५ टक्क्यांवर जाता कामा नयेत. कोणी मोठा गुंतवणूकदार जास्त अधिकार मागत आला, तर त्याला हीच तरतूद दाखवा.

कार्यालय पुढे दुसऱ्या सदस्य देशात हलवायचं झालं, तर संस्था बंद करून नवी काढावी लागत नाही. प्रस्ताव प्रसिद्ध केल्यावर किमान दोन महिन्यांनी सभेत निर्णय घ्यायचा. त्या सभेत विरोध केलेल्या सभासदाला दोन महिन्यांत राजीनामा देण्याचा हक्क आहे. दोन देशांतलं काम जमलं नाही आणि पुन्हा एका देशाची साधी सहकारी संस्था व्हावंसं वाटलं, तर तेही करता येतं, पण नोंदणीला दोन वर्षं झाल्यावर आणि पहिल्या दोन वर्षांचे हिशेब मंजूर झाल्यावरच.