कौलावरचं 1865 हे घराचं साल नव्हे

गोव्यातल्या डिचोली, साखळी, फोंडा भागातल्या जुन्या घरांची आम्ही दुरुस्ती करतो आणि हवा असेल तर घराचा इतिहासही लिहून देतो. पहिल्या भेटीत बरेच जण कौल पुढे करतात: "हे बघा, 1865 सालचं घर." कौलावर ते साल असतं खरं. पण बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, त्याचं ते साल. कौलं त्यानंतर कितीतरी वर्षं तोच आकडा घेऊन भट्टीतून बाहेर पडत होती.

घर त्याहून जुनं असू शकतं, नवंही असू शकतं. मंगळुरी कौलं येण्याआधी इथे नळ्यांची कौलं होती, आणि छप्पर बदललं की रिपांमधलं (कौलं ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्यांमधलं) अंतरही बदलतं. वाशांवर खिळ्यांची जुनी भोकं आजच्या रिपांशी जुळत नसतील तर वरचं छप्पर नंतरचं आहे हे आम्ही ओळखतो. तसंच भिंतींचं. राजांगणाभोवतीच्या, म्हणजे घरामधल्या चौकाभोवतीच्या खोल्या एकदम बांधलेल्या क्वचितच असतात. कुटुंब वाढलं की घर मागे वाढत जातं. दोन भिंती भेटतात तिथे चिरे एकमेकांत गुंफलेले नसून नुसते टेकवलेले दिसले, की तिथून पुढचं काम नंतरचं.

आता मुद्द्याचं. आम्ही येणार म्हणून कृपया घर साफ करून ठेवू नका. वासे उतरवून विकलेले, शिंपल्यांच्या खिडक्या काढून काच बसवलेली, वसरीच्या भिंतीला "तुम्हाला बरं दिसावं म्हणून" सिमेंटचा गिलावा, असं घर आम्हाला दाखवलं जातं. मग जे तासाभरात वाचता आलं असतं त्याला आठवडा लागतो आणि बिल तुमचंच वाढतं. शिवाय सिमेंटमागे चिऱ्यातली ओल कोंडते आणि पावसाळ्यानंतर फुगवटे येतात. चुन्याचा गिलावा ती बाहेर सोडतो. आम्ही चुनाच वापरतो. तो सावकाश सुकतो म्हणून काही जण रागावतात, पण घाई करून तो टिकत नाही.

पूर्वीचे मालक कोण, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. त्यासाठी फक्त एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचा उतारा आणू नका. तो 1968च्या जमीन महसूल कायद्यानंतरच्या मोजणीतला. घर कोणी बांधलं ते त्यात नसतं. खरी माहिती पोर्तुगीज काळातल्या नोंदणीत मिळते: 'देश्क्रिसांव'मध्ये मालमत्तेचं वर्णन आणि चतुःसीमा, 'इन्श्क्रिसांव'मध्ये मालकाची नोंद. वारसवाटणीचं 'इन्व्हेंतार' सापडलं तर उत्तमच, त्यात मालमत्तेची यादी असते. मात्र "हे आमचं आडनाव नाही" म्हणून कागद बाजूला टाकू नका. पोर्तुगीज कारकुनांनी शेणव्यांचं 'सिनाय' केलं, कामतांचं 'कामोतिम', प्रभूंचं 'पोरोबो'. आणि ही नवी काबिजाद, म्हणजे पोर्तुगिजांनी नंतर घेतलेला मुलूख. इथे त्यांचा अंमल 18व्या शतकाच्या उत्तरार्धात आला, त्यामुळे देवाच्या कुडीतल्या (देवघरातल्या) पेटीत मोडी कागदही निघतात. ते वाळवीने खाल्लेले असले तरी फेकू नका. मोडी आणि पोर्तुगीज वाचणारी माणसं आमच्याकडे आहेत.

मालकीहक्काचा वाद आम्ही सोडवत नाही, ते वकिलाचं काम. आम्ही फक्त घराने आणि कागदांनी जे सांगितलं ते लिहून, फोटोंसह देतो. पहिल्या भेटीचे पैसे घेतो, कारण माळ्यावर चढून वासे मोजणं हे कामच आहे. दुरुस्ती आम्हाला दिलीत तर ते वळते करतो.

एप्रिल-मे आम्ही कोणाच्या ना कोणाच्या छपरावर असतो. भेट हवी तर दिवाळीनंतर कळवा, आणि तोवर कौलाला हात लावू नका.