क्रूझला पहिल्यांदाच जाताय? बंदरावर आदल्या दिवशी पोचा

“जहाज तर संध्याकाळी ५ ला सुटतं. मग आम्ही त्याच दिवशी सकाळच्या विमानानं उतरलो तर काय बिघडलं?” सीझनमध्ये आमच्या ट्रॅव्हल ऑफिसात हा प्रश्न कुणी ना कुणी रोज विचारतंच. हॉटेलची एक रात्र वाचते, हे खरं आहे. पण आमचं उत्तर ठरलेलं आहे: आदल्या दिवशी पोचा.

५ ला सुटणार म्हणजे ५ पर्यंत चढता येणार, असं नसतं. चेक-इन साधारण तास-दीड तास आधी बंद होतं आणि प्रवाशांची यादी बंदरावरच्या अधिकाऱ्यांकडे जाते. त्यानंतर जहाज समोर उभं दिसत असलं तरी आत घेत नाहीत. शिवाय बंदर शहरातच असेल असं धरून चालू नका. रोमची क्रूझ सुटते चिविताव्हेकियाहून, म्हणजे रोमपासून ७०-८० किलोमीटरवरून. लंडनची म्हणून सांगतात ती बऱ्याचदा साउथॅम्प्टनहून, आणि ते लंडनपासून सव्वाशे किलोमीटरच्या पुढे. इमिग्रेशनची रांग, बॅगांची वाट बघणं आणि हा रस्ता यातच अर्धा दिवस जातो.

त्यात आपण पुणेकर. बहुतेकांना विमान मुंबईहून धरावं लागतं. भूमध्य समुद्र आणि अलास्का, दोन्हींचा सीझन साधारण मे ते सप्टेंबर, म्हणजे आपला ऐन पावसाळा. बोरघाटात दरड आली किंवा एखादा कंटेनर आडवा झाला की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. पुढे दुबई-दोह्याचं कनेक्शन चुकलं की सगळंच कोसळलं.

कोथरूडच्या एका जोडप्यानं विमानाची तिकिटं स्वतः काढली होती. कनेक्शन चुकलं, बार्सिलोनाला उतरेपर्यंत रात्र झाली आणि जहाज निघून गेलेलं. दुसरा दिवस जहाजाचा समुद्रातच होता. अंगावरच्या कपड्यांनिशी हॉटेल, मग नेपल्सचं नवं तिकीट, आणि तिसऱ्या दिवशी जहाज हाती लागलं. तो सगळा खर्च त्यांच्या खिशातून गेला, आणि आमच्या ऑफिसचे दोन दिवस फक्त फोनवर.

युरोपात निदान पुढचं बंदर गाठायची सोय असते. सिएटलहून निघून सिएटललाच परतणाऱ्या अलास्का क्रूझला तीही जवळजवळ नसते. अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्यानुसार परदेशी नोंदणीच्या जहाजाला (आणि बहुतेक क्रूझ जहाजं तशीच असतात) एका अमेरिकन बंदरात प्रवासी चढवून दुसऱ्या अमेरिकन बंदरात असा उतरवता येत नाही. त्यामुळे वाटेतल्या अलास्कातल्या जूनो बंदराला जाऊन जहाज पकडू म्हटलं तरी सहसा परवानगी मिळत नाही. याच कायद्यापायी ही जहाजं वाटेत कॅनडात, बहुधा व्हिक्टोरियाला, थांबतात. म्हणून तुम्ही तिथे खाली उतरणार नसलात तरी भारतीय पासपोर्टवर अमेरिकेसोबत कॅनडाचाही व्हिसा लागतो.

हॉटेलात कमिशन मिळतं म्हणून आम्ही मागे लागतो, असं काहींना वाटतं. हॉटेल तुम्ही स्वतः बुक करा, नातेवाइकांकडे उतरा, आमची काहीच हरकत नाही. मात्र विमान त्याच दिवशीचं असेल तर आम्ही तुमच्याकडून तसं लिहून घेतो. आमच्याकडून पॅकेज घेतलंत तर आदल्या रात्रीचं हॉटेल आणि बंदरापर्यंतची गाडी त्यातच धरलेली असते, आणि मुंबईचं विमान पहाटेचं असेल तर पुण्याहून गाडी कधी काढायची तेही आम्हीच सांगतो.

व्हिसाचं आणखी एक. अथेन्सहून निघून तुर्कस्तानला जाऊन परत ग्रीसमध्ये येणार असाल तर शेंगेन व्हिसा (ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) मल्टिपल एंट्रीचाच हवा. सिंगल एंट्रीवर परतीला अडकाल.

बंदरावर मोठ्या बॅगा हमालांकडे द्यायच्या असतात, त्या केबिनमध्ये संध्याकाळपर्यंत येतात. म्हणून पासपोर्ट, रोजची औषधं आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या बॅगेत ठेवा. शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा सकाळी घालायचे कपडे आधी बाजूला काढा. सगळं आत भरून नाइटड्रेसवर राहिलेली माणसं आम्ही पाहिली आहेत! इस्त्री, किटली, पाणी तापवायचा रॉड नेऊ नका. आगीच्या भीतीनं काढून घेतात. चहाचं गरम पाणी जहाजावर मिळतं. फोन चढतानाच फ्लाइट मोडवर टाका, कारण समुद्रात जहाजाचं उपग्रहाचं नेटवर्क लागतं आणि आपल्या रोमिंग पॅकमध्ये ते सहसा धरलेलं नसतं.

बोट लागण्याची धास्ती असेल तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली केबिन मागा. तिथे हेलकावे कमी जाणवतात. अशा केबिन लवकर संपतात, म्हणून बुकिंग करतानाच सांगा. गोळी कोणती घ्यायची ते मात्र आपल्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः बीपीची औषधं चालू असतील तर.

ऑफिसला येताना सगळ्यांचे पासपोर्ट आणा. क्रूझ संपल्यानंतर निदान सहा महिने मुदत शिल्लक हवी. नसेल तर आधी नूतनीकरण, मग बुकिंग.