त्वचेची सोनोग्राफी

सुई वा सुरी न लावता कातडीचे थर बघण्याची आणि त्यांची जाडी मोजण्याची तपासणी. पोटाच्या सोनोग्राफीत साधारणपणे २ ते ५ मेगाहर्ट्‌झचा ध्वनी वापरतात (एक मेगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला दहा लाख कंपने). त्वचेसाठी बहुधा २० मेगाहर्ट्‌झ किंवा त्याहून वरचा लागतो. शरीरात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर जातो, म्हणजे २० मेगाहर्ट्‌झला त्याची तरंगलांबी मिलिमीटरच्या तेराव्या हिश्शाएवढी भरते. त्याहून फार बारीक गोष्ट त्याला टिपता येत नाही. मेगाहर्ट्‌झ वाढवले की बारकावे उठून दिसतात, पण ध्वनी तेवढा खोल पोचत नाही. १९७९ मध्ये ॲलेक्झांडर आणि मिलर यांनी ध्वनीच्या स्पंदांनी त्वचेची जाडी पहिल्यांदा मोजली. थरांचे चित्र मिळू लागले ते त्यानंतर.

तपासताना जेलचा जाड थर देऊन प्रोब, म्हणजे ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारा दांडा, अलगद टेकवतात. दाबला तर कातडी चेपते आणि माप चुकते. पडद्यावर वर बाह्यत्वचेची लख्ख रेघ दिसते, तिच्याखाली कोलॅजेन या प्रथिनाच्या धाग्यांमुळे उजळ, दाणेदार अंतस्त्वचा आणि त्याखाली काळपट चरबी.

वार्धक्याची खूण बाह्यत्वचेच्या लगेच खाली सापडते. तिथे एक काळसर पट्टा उमटतो. उन्हाने तिथल्या कोलॅजेनची वीण बिघडते, पाणी धरून ठेवणारे पदार्थ साचतात आणि प्रतिध्वनी क्षीण होतो. एकाच माणसाच्या हाताची मनगटाजवळची बाहेरची बाजू आणि आतली बाजू शेजारी शेजारी तपासावी: वय तेच, पण उन्हात राहिलेल्या बाजूचा पट्टा सहसा जाड, आतल्या बाजूचा पातळ किंवा नाहीच. त्वचेचे वय वर्षांइतकेच उन्हावरही ठरते, हे इतक्या थेटपणे दाखवणारी दुसरी सोपी तपासणी क्वचितच असेल. मात्र असा पट्टा सोरायसिस आणि इसबातही दिसतो, आणि दिवसभर उभे राहिल्याने पायात पाणी उतरले तरी तिथले चित्र बदलते. म्हणून एकाच मापावरून ‘तुमच्या त्वचेचे वय इतके’ असे सांगणे चूक आहे. उपचाराआधी आणि नंतर, त्याच जागी, शक्यतो त्याच वेळी घेतलेली मापेच तुलनेला उपयोगी.

स्क्लेरोडर्मा या कातडी जाड आणि कडक करणाऱ्या आजारात कातडी किती जाड झाली, हे हाताने चिमटीत धरून ठरवण्याला या मापाने आकड्याची जोड मिळते. मेलानोमाची (त्वचेच्या एका कर्करोगाची) गाठ काळी दिसते आणि शस्त्रक्रियेआधी तिच्या खोलीचा अंदाज येतो. गाठीखाली दाहपेशी जमल्या असतील तर तो अंदाज फुगतो. साधा तीळ आणि मेलानोमा यांचा निवाडा केवळ या चित्रावरून होत नाही. त्यासाठी बायोप्सीच लागते.

अलीकडे चेहऱ्यात भरलेल्या फिलरचा, म्हणजे सुरकुत्या वा खळगे भरण्यासाठी टोचलेल्या पदार्थाचा, शोधही याने घेतात. हायलुरोनिक आम्ल काळ्या डबक्यासारखे दिसते, तर सिलिकॉन हिमवादळासारखे पांढरे, मागचे सगळे झाकून टाकणारे. हायलुरोनिडेज या विकराच्या इंजेक्शनने विरघळते ते फक्त पहिले, त्यामुळे रुग्णाला आपल्या चेहऱ्यात काय भरले हेच ठाऊक नसेल तेव्हा इंजेक्शनआधी हे चित्र बघून घ्यावे.